मोजणाऱ्या माणसांना एकत्र बसवणाऱ्या सरोजताई

सरोजताई काळबांडे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझी परीक्षा घेतली होती, आणि ती परीक्षा होती हे मला निकाल लागल्यावर कळले.

मी तेव्हा वाशीमच्या एका खासगी माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करीत होतो. कारंज्याच्या कापड दुकानदाराच्या घरातला मुलगा. घरात कोणी रसायनशास्त्र शिकलेले नव्हते, त्यामुळे मी दिवसभर मातीशी काय करतो हे अब्बांना शेवटपर्यंत नीट उमगले नाही. एका सकाळी सुती साडी नेसलेल्या, उंच, करड्या केसांच्या बाई मातीची पुडी घेऊन आल्या. केनवडच्या शेतातली माती आहे, यातला सेंद्रिय कर्ब तेवढा तपासून द्या, म्हणाल्या. मी तपासून दिला. आठवड्याभराने त्या पुन्हा दारात उभ्या राहिल्या.

"हे तुम्हीच तपासलं का?"

मी मान हलवली. मला बोलताना अडखळायला होते; परक्या माणसापुढे तर शब्द घशातच बसतो. बाईंनी घाई केली नाही. मी "हो" म्हणेपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "याच ढिगातली माती मी तीन प्रयोगशाळांत दिली होती. उत्तरं तीन आली."

आता मालकाला बोलवा म्हणतील, असे मला वाटले. बाई हसल्या. "रविवारी केनवडला जेवायला या. येताना तुमची चाळणी आणि काचेची भांडी आणा. बाकीचे दोघेही येणार आहेत."

त्या रविवारी केनवडच्या त्यांच्या घराच्या ओसरीत आम्ही तिघे तीन कोपऱ्यांत बसलो होतो. एकमेकांच्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवणारी माणसे आम्ही. बोलणार तरी काय? वाशीमच्या महाविद्यालयात उभी हयात रसायनशास्त्र शिकवून ताई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी तिघांपुढे एकाच पोत्यातली माती ठेवली आणि सांगितले, "रोज करता तसंच करा. फक्त एकमेकांकडे बघत करा."

दुपारपर्यंत उलगडा झाला. एकाची चाळणी जाड होती, माझी बारीक होती. आम्ल घातल्यावर मिश्रण अर्धा तास स्वस्थ ठेवायचे असते; तिसरे गृहस्थ कामाच्या गर्दीत ते लवकर उरकीत. खोटेपणा कोणीच केला नव्हता. तिघांच्या तीन रीती होत्या आणि प्रत्येकाला आपलीच रीत जगाची रीत वाटत होती. आमच्यातल्या एकाने विचारलेच, "मॅडम, मग बरोबर कोण?" ताई म्हणाल्या, "ते मला नकोच आहे. केनवडच्या माणसाला तिघांकडून एकच उत्तर मिळेल का, एवढं बोला." संध्याकाळी आम्ही एक रीत ठरवली, आणि मग अंगणात गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी एका पंगतीत बसून खाल्ली. आज ज्या मंडळाच्या वतीने हा गौरवग्रंथ निघतो आहे, त्याची पहिली बैठक ती. मंडळ जन्माला आले आहे हे त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. ताईंना ठाऊक असावे.

तो काळ 'शाश्वत' या शब्दाच्या भरभराटीचा होता. बियाण्याच्या पिशवीवर शाश्वत, खताच्या जाहिरातीत शाश्वत, सभेच्या फलकावर शाश्वत. ताई कोणत्याही सभेत शेवटच्या रांगेत बसत आणि प्रश्नांची वेळ आली की उभ्या राहून विचारीत, "टिकेल म्हणता, ते कशावरून?" त्यांच्या विचारण्यात कुचकेपणा नसे. त्यांना खरोखर हवे असे ते. माती सुधारते आहे म्हणता, तर ती कोणत्या रीतीने मोजली? त्याच शेताच्या विहिरीचे पाणी खाली चालले असेल तर एकाच शिवाराला सुधारलेले म्हणायचे की खचलेले? माती मोजणारा पाणी मोजणाऱ्याला भेटतो का? त्यांच्या मते आपल्या जिल्ह्यात मोजणारे पुष्कळ होते, पण प्रत्येक जण आपापल्या खोलीत मोजीत होता.

म्हणून त्यांनी माणसे जमवायला सुरुवात केली. प्रयोगशाळांतले आम्ही, भूजलाचे काम करणारे, शाळांतले विज्ञानाचे शिक्षक, शेतकरी कंपन्यांचे व्यवस्थापक, बचत गटांच्या बाया. दर महिन्याचा दुसरा शनिवार ठरला. कधी धनजला, कधी मेडशीला, कधी केनवडला. कोणी तरी जागा देई, कोणी तरी चूल पेटवी. नियम दोनच होते. जो आकडा आणील त्याने तो कसा काढला ते आधी सांगायचे, आणि या महिन्यात आपली कुठे फसगत झाली ते सांगितल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही. मोठमोठ्या पदांवरची माणसे त्या चहासाठी आपली फजिती सांगत, आणि ज्याची फजिती मोठी त्याला ताई स्वतः उठून दुसरा कप देत. बाहेरगावचे पाहुणे याला 'व्यावसायिक ज्ञानजाळे' वगैरे म्हणत. आमच्या लेखी तो दुसरा शनिवार होता.

मंडळाच्या नावाची गंमत सांगायला हवी. 'टिकाव मंडळ' हे नाव ताईंनीच सुचवले. मेडशीच्या पहिल्या बैठकीला एक म्हातारे गृहस्थ सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या सतरंजीवर बसले. माती, पाणी, कर्ब हे सगळे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. अखेर न राहवून त्यांनी विचारले, "बाई, ते टिकाव कवा वाटून राह्यले?"

खणायचा टिकाव वाटणार आहेत अशा समजुतीने ते दोन कोस चालत आले होते. हशा पिकला. ताई मात्र हसल्या नाहीत. "पुढच्या खेपेले येजा, बाबा," एवढेच म्हणाल्या. मेडशीच्या पुढच्या बैठकीला त्या वाशीमहून एसटीने आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीतून एक नवा कोरा टिकाव दांड्यासकट बाहेर डोकावत होता. कंडक्टरने तो मांडीवर घेऊन बसायला लावल्याची तक्रार त्या बरेच दिवस करीत होत्या. त्या गृहस्थांना टिकाव दिल्यावर ताई मला म्हणाल्या, "आपण नाव असं ठेवलं की माणूस फसला. त्याची भरपाई त्यानं का करायची?"

आपल्या शब्दाने, आपल्या कामाने कोणाचे काय होते हे शेवटपर्यंत पाहणे, हा ताईंचा स्वभाव. त्या स्वभावाची खरी कसोटी पुढे लागली.

मेडशीच्या पलीकडे एक वस्ती आहे. तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, आणि का लिहीत नाही ते या हकिकतीतूनच कळेल. तिथे कांताबाई नावाच्या बचत गटाच्या प्रमुख आहेत. ताईंच्या सांगण्यावरून त्यांनी आणि त्यांच्या गटातल्या बायांनी वस्तीच्या विहिरी मोजायला घेतल्या. सकाळी मोटारी सुरू होण्याआधी दोरीला वजन बांधून सोडायचे आणि पाणी किती खाली आहे ते पाहायचे. पहिल्यांदा गावाने थट्टा केली. मग थट्टा थांबली, कारण बाया थांबल्या नाहीत. कांताबाईंचे आकडे मंडळात आले की भूजलाचे जाणकारही सरसावून बसत. ती वस्ती आमच्या मंडळाचा अभिमान होती.

त्या सुमारास एका मोठ्या शहरातल्या सल्लागार संस्थेचे एक तरुण गृहस्थ मंडळाचे सभासद झाले. हुशार होते, नम्र होते, रोडगे आवडीने खात. मंडळात जे येते ते सगळ्यांचे, या आमच्या समजुतीप्रमाणे त्यांनाही सगळे आकडे मिळत. त्यांनी ते आपल्या संस्थेच्या अहवालात घातले, वस्तीच्या नावासकट. पाणी झपाट्याने खचणाऱ्या गावांचे उदाहरण म्हणून. अहवालातली ती ओळ कोणी तरी मोबाइलवर फिरवली, आणि पंधरवड्याच्या आत वस्तीत बातमी पसरली की आता इथे नव्या विहिरीला मंजुरी मिळणार नाही. कांताबाईंच्या दिरांनी विहिरीसाठी अर्ज केला होता. तो अडकला. या बातमीने अडकला की आणखी कशाने, हे कोणालाच ठाऊक नव्हते, पण घरात बोट दाखवायला कांताबाई होत्याच. "तूच दोर टाकून आमचा गळा आवळला" असे दीर त्यांना चारचौघांत बोलले. बायांनी मोजणे सोडले. कांताबाईंनी आमचे फोन घेणे बंद केले.

मंडळातल्या बहुतेकांचे मत होते की काही दिवस गप्प बसावे, वादळ ओसरेल. तांत्रिक दृष्ट्या चूक त्या गृहस्थांची होती, मंडळाची नव्हती. ताईंनी सगळ्यांचे ऐकले आणि मला म्हणाल्या, "मुश्ताक, उद्या सकाळच्या गाडीने जाऊ."

मेडशीला उतरून आम्ही चालत वस्तीवर गेलो. मारुतीच्या पारावर माणसे जमलीच होती. ताईंना कोणी बसा म्हटले नाही. त्या उभ्या राहिल्या. कांताबाईंचे दीर पुढे आले.

"आमच्या इहिरी मोजाले तुमाले कोनं सांगतलं होतं?"

"तुमच्या घरच्या बायांनं मोजल्या. मी शिकवलं," ताई म्हणाल्या.

"मंग आमचं पानी शयरातल्या लोकायले काहून विकलं?"

"विकलं नाही, भाऊ. पन माह्या हातात ठेवलं होतं, अन् माह्या हातून गेलं. ते गेलं हे खरं हाय. त्याचा दोष कांताबाईचा नाही. तो माहा हाय."

"दोष घेऊन आमाले काय भेटते?"

ताईंनी कसलाही आव आणला नाही. "आज काही नाही भेटत," त्या म्हणाल्या. "तुमच्या गावाचं नाव त्या अहवालातून काढून आणतो. तुमचे आकडे मंडळाजवळ जे हायेत ते तुमाले परत देतो. पुढं मोजाचं का नाही, ते तुमी ठरवा. मी इचाराले बी येनार नाही." वऱ्हाडात बाया "देतो, येतो" असेच बोलतात. वर्गात शुद्ध मराठीत शिकवणाऱ्या ताई त्या पारावर आपल्या माहेरच्या बोलीत बोलत होत्या.

एका बाईने जवळच्या घरातून पाण्याचा तांब्या पाठवला. कांताबाई त्या दिवशी घराबाहेर आल्या नाहीत. परतीच्या गाडीत ताई खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

पुढचा महिना त्यांनी त्या संस्थेच्या मागे लागण्यात घालवला. दोनदा त्या शहरात जाऊन त्या तिथल्या कार्यालयात बसून राहिल्या. अखेर वस्तीचे नाव वगळून अहवाल पुन्हा छापला गेला. त्या तरुण गृहस्थांनी ताईंची माफी मागितली. ताईंनी त्यांना सांगितले, "माझी कशाला? वस्तीवर जा." ते गेले नाहीत.

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी ताईंनी मंडळात तिसरा नियम मांडला. आकडा ज्या गावाचा, तो आधी त्या गावात वाचायचा. गावाने हो म्हटल्याखेरीज तो मंडळाबाहेर जाणार नाही. त्या बैठकीइतके भांडण मंडळात कधी झाले नसेल. अशाने ज्ञान कसे पसरणार, असा सवाल आला. गावे वाईट आकडे दाबून ठेवतील, चांगले तेवढे दाखवतील, असेही कोणी म्हणाले, आणि ते म्हणणे चुकीचे नव्हते. ताईंनीही ते मान्य केले. "दाबतील. काही गावं दाबतील," त्या म्हणाल्या. "पण ज्याच्या विहिरीत दोर सोडायचा त्याला आपली भीती वाटायला लागली, तर मोजायला उरेल काय?" नियम थोड्याच मतांच्या फरकाने मंजूर झाला. काही मोठी नावे मंडळ सोडून गेली. त्यांच्यापैकी दोघे ताईंचे जुने विद्यार्थी होते. पुढे बैठक सुरू करण्याआधी ताई दाराकडे थोडा वेळ पाहत.

वस्तीवर त्या खरोखरच गेल्या नाहीत. एक उन्हाळा गेला. दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही धनजला बैठकीत असताना ताईंचा फोन वाजला. त्यांनी नाव पाहिले आणि सगळ्यांसमोरच फोन स्पीकरवर घेतला.

"ताई, मी कांता. पोरी मोजून राह्यल्या."

"कवापासून?"

"दोन महिने झाले. तुमच्यासाठी नाही हो मोजून राह्यलो. प्याच्या पान्याची इहीर लय खाली गेली. आता गावात वाचाचं हाय समद्यायसमोर. वाचाले मले हिंमत होत नाही. तुमी येजा."

त्या सभेला मी होतो. आकडे ताईंनी वाचले नाहीत. कांताबाईंनाच वाचायला लावले, आणि स्वतः बायांमध्ये जाऊन खाली बसल्या. कांताबाई वाचत गेल्या: आदल्या दिवशी जवळच्या मोटारी चालल्या की सकाळी पिण्याची विहीर किती उतरलेली असते. शेवटी त्यांचे तेच दीर उठले आणि म्हणाले, "म्हंजे माही मोटर चालते तवा हे पानी उतरते, असंच ना?" आणि तेच पुढे म्हणाले, "मंग उन्हाळाभर त्या इहिरीपाशी माही मोटर नोको." त्यांच्यामागे आणखी दोघांनी हात वर केले. त्या उन्हाळ्यात वस्तीला टँकर लागला नाही असे मी लिहिणार नाही. लागला, पण उशिरा लागला, आणि पिण्याची विहीर पुरती कोरडी पडली नाही. कोणी वरून हुकूम सोडला नव्हता. गावाने आपले पाणी आपणच वाचून ठरवले होते. परतताना ताई वाटभर बोलत होत्या. इतक्या आनंदात मी त्यांना त्याआधी किंवा त्यानंतर पाहिले नाही.

माझ्यावर त्यांचे जे ऋण आहे त्याचीही नोंद इथे करायला हवी. नागपूरला एक मोठी परिषद होती. मंडळाच्या वतीने कोण बोलणार, असे विचारल्यावर ताईंनी माझे नाव दिले. मी रात्रंदिवस विनवण्या केल्या. मंडळाची शोभा होईल, म्हटले. त्या म्हणाल्या, "चाळणीचं काम तू केलंस. मी कशी सांगू?" परिषदेत माझे तिसरे वाक्य अडकले. समोर सूटबूट घातलेले लोक, आणि माझा एक शब्द ओठांवर थरथरत उभा. अध्यक्षांनी सौजन्यानेच घंटी वाजवली आणि "वेळ संपली, धन्यवाद" म्हणाले. ताई पहिल्या रांगेतून उठल्या. "अध्यक्ष महाराज," त्या म्हणाल्या, "त्यांचं वाक्य अजून चालू आहे." आणि खाली बसल्या. सभागृह थांबले. मी ते वाक्य पूर्ण केले, त्याच्या पुढचीही केली. अम्मीला हे घरी येऊन सांगितले तेव्हा तिने विचारले, "ती बाई शब्द पुरवत होती का तुला?" मी म्हटले, नाही. अम्मी म्हणाली, "मग ती तुझी उस्ताद आहे."

असे दिवस होते ते. ते गेले कसे, हेही सांगितले पाहिजे.

यजमान काळबांडे काका वारल्यावर ताई केनवडच्या घरी एकट्याच राहत होत्या. एका सकाळी अंगणात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया अकोल्याला झाली. कन्या मीनाक्षीताई बंगळूरहून आल्या आणि आईला घेऊन गेल्या. एवढ्यापुरते जाते, पावसाळा संपला की येते, असे ताई आम्हाला सांगत होत्या. गाडीत बसताना त्यांनी पुढच्या शनिवारी बैठक कुठे घ्यायची तेही ठरवून दिले. त्याला आता काही वर्षे झाली.

मंडळ चालू आहे. त्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे आणि मी ती जमेल तशी सांभाळतो. सभासद वाढले आहेत. बैठक बहुधा मोबाइलच्या पडद्यावर होते. शेतात उपकरणे बसली आहेत. ती आकडे आपोआप पाठवतात आणि ते आकडे पूर्वीपेक्षा बिनचूक असतात, हे मला मान्य केलेच पाहिजे. पण पडद्यावर आपली फसगत कोणी सांगत नाही. ज्याने त्याने आपल्या घरी चहा घेतलेला असतो. कधी धनजवरून जाताना ज्या शाळेच्या वऱ्हांड्यात आम्ही बसत होतो तिच्याकडे नजर जाते. आतून मुलांचा आवाज येतो, सगळे व्यवस्थित चालले आहे हे दिसते, आणि तरीही गाडी हळू करावीशी वाटते.

गेल्या हिवाळ्यात मी बंगळूरला गेलो. उंच इमारतीतला प्रशस्त फ्लॅट. ताई वॉकर धरून दारापर्यंत आल्या. मी आणलेली तुरीची डाळ मुठीत घेऊन त्यांनी वास घेतला आणि आधी विचारले, "यंदा शेंगा कशा भरल्या?" मग तासभर एकेकाची चौकशी. कोण बदलून गेले, कोणाच्या मुलीचे लग्न झाले, मंडळ सोडून गेलेल्या त्या दोघा विद्यार्थ्यांपैकी कोणी परत आले का. आले नाहीत, असे मी सांगितले. "येतील," त्या म्हणाल्या, आणि विषय बदलला.

मीनाक्षीताई चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा ताई खालच्या आवाजात म्हणाल्या, "इथं समदं हाय, मुश्ताक. पोरगी जीव लावते. जावई सोन्यासारखा हाय. पन माहं म्हननं कोनी खोडून काढत नाही रे. जे बोललो त्याले हाव म्हनतात. तिकडं असतो तर एव्हाना तिघं भांडाले उठले असते."

निघताना मीनाक्षीताई मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "दुसरा शनिवार आला की आई सकाळीच साडी बदलून, केस विंचरून बसते. बैठक पडद्यावर आहे, तिला तिथे कोणी नीट पाहतही नाही, हे तिला माहीत आहे. तरी बसते." लिफ्ट आली आणि गेली, मी उभाच होतो. मीनाक्षीताईंचा यात काय दोष? आईला इतक्या लांबच्या प्रवासाला न्यायला डॉक्टर तयार नाहीत, आणि घरात हा विषय निघाला की दोघींचे डोळे भरतात, हे त्यांनीच सांगितले.

ताई पंचाहत्तरीत पदार्पण करीत आहेत. या निमित्ताने सत्कार केनवडलाच व्हावा, असा सगळ्यांचा आग्रह होता. ताईंनी कळवले, "मी नसताना माझा सत्कार कशाला? त्या दिवशी बैठक घ्या. समोरासमोर बसून घ्या." तशी ती घ्यायची ठरली आहे. सोडून गेलेल्यांनाही निमंत्रण गेले आहे. कोण येतील, सांगता येत नाही.

ताई, गौरवग्रंथात शुभेच्छा लिहिण्याची रीत आहे, आणि त्या मी अगदी मतलबीपणाने लिहितो आहे. तुमचे आयुष्य मोठे असावे, कारण आमच्या जिल्ह्याला अजून तुमची गरज आहे. तुमचा खुबा भरून यावा, नजर आणि कान शाबूत राहावेत, आणि एखाद्या सकाळी डॉक्टरांनी तपासून "आता जाऊ शकता" म्हणावे, एवढे एकच मागणे मी रोज मागतो. गाडी वाशीमच्या स्टेशनात फार वेळ थांबत नाही, फलाट खोल आहे, याची काळजी मीनाक्षीताईंना वाटते. ती मी परवा बोलता बोलता कांताबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "मुश्ताकभाऊ, त्याईले म्हना गाडीत बसवून द्या फकस्त. मी बी येतो टेसनावर. ताईले उतरताना हात द्याले बाईमानूस पायजे."